मराठी शीटचा फॉन्ट पुन्हा पुन्हा बिघडतो : एक्सेल, कॅल्क आणि गूगल शीट्समधले उपाय

पतसंस्थेची सभासद यादी असो, शाळेचं हजेरीपत्रक असो की सोसायटीच्या देखभाल खर्चाचा तक्ता, मराठीत ठेवलेल्या शीटची एक तक्रार ठरलेली असते. एका संगणकावर नीट दिसणारी फाइल दुसऱ्यावर उघडली की अक्षरं बारीक होतात, मधूनच चौकोन उमटतात, नावांवरचे रफार दिसेनासे होतात. मग कोणीतरी सगळी शीट निवडून फॉन्ट बदलतं, त्या दिवसाचं काम भागतं आणि पुढच्या महिन्यात नवी शीट जोडली की पहिले पाढे पंचावन्न.

वरच्या पट्टीत फॉन्टचं जे नाव दिसतं, तोच फॉन्ट तुमची मराठी अक्षरं काढतोय असं गृहीत धरू नका. बहुतेक वेळा तो काढत नसतो, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

एक्सेल २००७ पासून नव्या फाइलचा मूळ फॉन्ट कॅलिब्री, आकार ११, असा होता. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ॲप्टॉस आणला आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मधल्या एक्सेलमध्ये कॅलिब्रीच्या जागी ॲप्टॉस नॅरो आला. या दोन्हींत देवनागरी अक्षरं नाहीतच. तुम्ही सेलमध्ये ‘नाव’ असं टाइप करता तेव्हा संगणक गुपचूप दुसऱ्या फॉन्टातून ती अक्षरं उसनी घेतो, पण पट्टीत नाव कॅलिब्रीचंच राहतं. विंडोज ८ पासून पुढे ही उसनवारी सहसा निर्मला यूआयकडून होते, त्याआधीच्या विंडोजवर मंगलकडून. मॅकवर कोहिनूर देवनागरीसारखा फॉन्ट पुढे येतो, लिनक्सवर लोहित किंवा नोटो. म्हणजे फाइल तीच, नावही तेच, पण प्रत्येक संगणकावर अक्षरांची उंची आणि रुंदी वेगळी.

दुसरी अडचण अशी की फाइलमध्ये नोंदवलेला फॉन्ट संगणकावर नसला तरी एक्सेल तसं सांगत नाही. नाव तसंच दाखवतो आणि बदली फॉन्ट वापरतो. खात्री करायची तर फॉन्टची यादी उघडा आणि ते नाव त्या यादीत आहे का ते बघा. पट्टीत आहे पण यादीत नाही, तर तो फॉन्ट या संगणकावर नाही.

आधी बिघाड कोणता ते ओळखा

फॉन्ट बदलायच्या आधी एवढं करा, कारण चार वेगळे बिघाड वरवर सारखेच दिसतात आणि चुकीचा उपाय केला की शीट आणखी बिघडते.

मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि विरामचिन्हांची खिचडी दिसत असेल, तर मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टात टाइप केलेला आहे. (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत.) मराठीच्या एकेका अक्षरामागे तीन-तीन विचित्र चिन्हं दिसत असतील आणि त्यांत ¤ हे गोल चिन्ह सतत येत असेल, तर फॉन्टचा काही दोष नाही. फाइल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, चुकीची धरली गेली आहे. फक्त काही जागी चौकोन असतील तर तेवढी अक्षरं त्या फॉन्टात नाहीत. आणि अक्षरं बरोबर असून कापली जात असतील, रकान्यांत #### दिसत असेल, तर प्रश्न मापाचा आहे.

शंका असेल तर एक पक्की चाचणी आहे. शेजारच्या रिकाम्या सेलमध्ये बरोबरचं चिन्ह देऊन युनिकोड हे फंक्शन लिहा, इंग्रजी स्पेलिंगने, आणि कंसात त्या मजकुराच्या सेलचा पत्ता द्या. पहिल्या अक्षराचा क्रमांक मिळतो. एक्सेल २०१३ पासून हे फंक्शन आहे, लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस संचातल्या कॅल्कमध्येही आहे. उत्तर २३०४ ते २४३१ यांच्या दरम्यान आलं तर मजकूर खरा देवनागरी युनिकोड आहे. ‘म’ने सुरू होणाऱ्या शब्दाला २३५० येतं. उत्तर २५६ च्या आत आलं, तर सेलमध्ये मराठी नाहीच. मराठीचा आकार घातलेली इंग्रजी अक्षरं आहेत.

एक्सेलचा मूळ फॉन्ट बसवणं

मजकूर युनिकोड आहे हे ठरलं की पहिलं काम मूळ फॉन्ट बदलायचं. फाइल → ऑप्शन्स → जनरल इथे नव्या वर्कबुकसाठीचा भाग असतो. त्यात मूळ फॉन्ट आणि आकार निवडा, ओके करा, एक्सेल पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. हा बदल फक्त यापुढे तयार होणाऱ्या फाइलींना लागतो. ‘बदल केला पण काहीच झालं नाही’ अशी तक्रार येते ती याच कारणाने.

जुन्या फाइलसाठी जागा वेगळी आहे. होम टॅबवर सेल स्टाइल्स उघडा, ‘नॉर्मल’वर उजवी क्लिक करून मॉडिफाय निवडा, फॉरमॅटमध्ये जाऊन फॉन्ट बदला. वर्कबुकचा खरा पाया ही नॉर्मल शैली आहे. सगळी शीट निवडून फॉन्ट बदलता तेव्हा त्या शीटच्या सेलांचा फॉन्ट बदलतो, नॉर्मल तशीच राहते. म्हणून त्याच फाइलमध्ये नवी शीट जोडली की ती पुन्हा कॅलिब्रीत येते. दर महिन्याला नवी शीट जोडणाऱ्या हिशेबाच्या फाइलींत हा त्रास हमखास होतो आणि दर वेळी शीट निवडून तो मिटत नाही.

ज्या सेलांना आधी कोणी हाताने फॉन्ट दिला असेल ते नॉर्मल बदलूनही हलणार नाहीत. तिथे नॉर्मल शैलीवर क्लिक करून त्यांना जागेवर आणायचा मोह होतो. तो आवरा. तसं केल्याने सेलांचं अंकांचं स्वरूपही पुसलं जातं, तारखांच्या जागी पाच आकडी संख्या येतात. १ एप्रिल २०२४ या तारखेच्या जागी ४५३८३ दिसतं आणि आता तारखा गेल्या म्हणून धावपळ होते. तारीख गेलेली नसते, तिचं रूप गेलेलं असतं, पण एवढ्या यादीत ते परत देत बसणं नको. त्याऐवजी फाइंड अँड रिप्लेस उघडा. शोधायची आणि बदलायची, दोन्ही चौकटी रिकाम्या ठेवा. ऑप्शन्समध्ये फॉरमॅट बटण आहे, तिथे वर जुना फॉन्ट आणि खाली नवा फॉन्ट निवडा, ‘विदिन’मध्ये पूर्ण वर्कबुक निवडा आणि रिप्लेस ऑल करा. फक्त फॉन्ट बदलतो, बाकी काही नाही.

कोणता फॉन्ट निवडायचा? कार्यालयातले सगळे संगणक विंडोज १० किंवा ११ वर असतील तर माझं मत सरळ निर्मला यूआय. तो सगळीकडे आधीपासून असतो, त्यात इंग्रजी आणि देवनागरी दोन्ही आहेत, त्यामुळे उसनवारीची गरजच उरत नाही. मॅक किंवा लिनक्सही मिसळलेले असतील तर मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट सगळ्यांवर घालून घ्या. तोही दोन्ही लिप्यांचा आहे आणि मोफत वापरता येतो.

मंगलबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या हजारो फाइलींत ते नाव आहे. र. कृ. जोशी यांनी घडवलेला हा फॉन्ट विंडोज २००० बरोबर आला आणि संगणकावर युनिकोड मराठी वाचणाऱ्या एका अख्ख्या पिढीची नजर त्याच्यावर बसली. विंडोज १० पासून मात्र तो मुळात बसवलेला नसतो. ऐच्छिक फॉन्टांच्या संचात गेला आहे. सेटिंग्जमध्ये ऑप्शनल फीचर्स शोधा, तिथून देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स घ्या. त्यात मंगलबरोबर कोकिला, अपराजिता आणि उत्साह येतात. जुन्या मंगलमधल्या फाइली जशाच्या तशा छापायच्या असतील तर त्यांचा फॉन्ट बदलण्यापेक्षा हा संच घालणं सोपं. असंच एरियल युनिकोड एमएसचं. तो पूर्वी ऑफिसबरोबर मिळायचा, ऑफिस २०१६ पासून येत नाही. त्या नावाची शीट दिसली तर मात्र फॉन्ट बदलाच.

रफार आणि अनुस्वार कापले जातात

हा बिघाड मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो चटकन दिसत नाही. चौकोन आले तर कोणाच्याही लक्षात येतं. पण ‘वर्मा’चा रफार गेला की ‘वमा’ उरतं, ‘शर्मिला’ची ‘शमिला’ होते, आणि दाखला तसाच छापून सही-शिक्क्यासह हातात पडतो.

कारण असं की ओळीची मूळ उंची नॉर्मल शैलीतल्या फॉन्टवरून ठरते. कॅलिब्री ११ ला ती १५ पॉइंट असते आणि इंग्रजीला तेवढी पुरते. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार यांना जागा लागते, खाली उकार आणि ऋकाराला लागते. त्यात एक्सेल मजकूर मुळात सेलच्या तळाला टेकवून ठेवतो. जागा कमी पडली की वरचा भाग आधी कापला जातो, आणि मराठीत नेमकं वरच अर्थ बदलणारं सगळं बसलेलं असतं.

ओळीची उंची कोणी हाताने ओढून ठरवलेली असेल तर ती पुढे आपोआप वाढत नाही. सगळी शीट निवडा आणि होम → फॉरमॅट → ऑटोफिट रो हाइट द्या, म्हणजे हाताने दिलेली बंधनं सुटतात. एकत्र केलेल्या, म्हणजे मर्ज केलेल्या सेलांना ऑटोफिट लागू होत नाही. शीर्षकांच्या ओळी बहुधा मर्ज केलेल्याच असतात, त्यांची उंची हातानेच द्यावी लागते. जिथे छापील नमुना ठरलेला आहे आणि उंची वाढवता येत नाही, तिथे मजकूर तळाऐवजी मध्यावर घ्या आणि आकार एक-दोन पॉइंटांनी उतरवा.

पहिल्या शीटवर एका सेलमध्ये तपासणीची ओळ ठेवण्याची सवय मी सगळ्यांना लावतो. ही घ्या : ‘हृषीकेश वऱ्हाडे, ॲड. मूर्तींची दुर्गा, ज्ञानेश्वर कुळकर्णी, ट्रू, ₹ १२३’. वर रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकाच अक्षरावर, खाली ऋकार आणि ऊकार, मधे मराठीचा तुटक ऱ्ह, ज्ञ, ळ, ॲ आणि रुपयाचं चिन्ह. फाइल नव्या संगणकावर उघडली की आधी ही ओळ बघायची. ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला, ₹ २०१० साली. त्यामुळे जुन्या संगणकावर बाकी सगळं नीट असून फक्त या दोन जागी चौकोन दिसू शकतात. तिथे नवा फॉन्ट घातला की प्रश्न मिटतो, फाइलला हात लावायची गरज नाही.

फॉन्ट बदलल्यावर रकान्यांत #### आलं तर घाबरू नका. एक्सेलमध्ये रकान्याची रुंदी नॉर्मल फॉन्टातल्या शून्याच्या रुंदीवर मोजतात. कॅलिब्री ११ मध्ये मूळ रुंदी ८.४३ म्हणजे साधारण तेवढे अंक. नॉर्मल बदलली की हे मापच बदलतं. रकान्यांच्या सीमेवर डबल क्लिक करून रुंदी जुळवा आणि छापण्याआधी पानांचे तुकडे कुठे पडतात ते एकदा बघा. ॲप्टॉस नॅरोमधली फाइल जुन्या ऑफिसवर उघडल्यावर रकाने अपुरे पडतात त्याचंही कारण हेच. तिथे ॲप्टॉस नसतो आणि बदली येणारा फॉन्ट रुंद निघू शकतो.

जुन्या फॉन्टांतल्या याद्या

श्रीलिपी, आकृती, सी-डॅकच्या आयएसएमचे डीव्हीबी मालिकेतले फॉन्ट, शिवाजी, कृतिदेव. ग्रामपंचायत, पतसंस्था, छापखाने यांच्याकडे वर्षानुवर्षांचा मजकूर यांत आहे. या फॉन्टांत इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरीचा तुकडा बसवलेला असतो. फॉन्ट बदलून मंगल किंवा निर्मला दिला की खाली दडलेली इंग्रजी अक्षरं उघडी पडतात, एवढंच. फॉन्ट बदलणं हा इथे उपाय नाही, मजकूर रूपांतरित करावा लागतो.

आज तो जुना फॉन्ट घालून काम भागवता येईल, पण मी तसा सल्ला देत नाही. अशा यादीचं अकारविल्हे सॉर्टिंग मराठी क्रमाने होत नाही, इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने होतं. मराठीत टाइप करून नाव शोधलं तर सापडत नाही. मोबाइलवर उघडलं तर वाचताच येत नाही.

रूपांतर करताना संपूर्ण शीट कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या साधनात, टाकू नका. त्यातले खरे इंग्रजी शब्द, खाते क्रमांकातली अक्षरं, पॅन क्रमांक यांचीही देवनागरीत वाट लागते. आधी मूळ फाइलची प्रत काढा. मग फाइंडमध्ये फॉरमॅट देऊन फक्त त्या जुन्या फॉन्टातले सेल शोधा, फाइंड ऑल करा आणि खालच्या निकालांच्या यादीत कंट्रोल ए दाबा, म्हणजे तेवढेच सेल निवडले जातात. त्यांना रंग द्या. कोणते रकाने रूपांतरित करायचे ते डोळ्यांनी दिसतं. प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी, त्यामुळे कन्व्हर्टरमध्ये नेमका तोच फॉन्ट निवडला पाहिजे.

नंतर तपासायचं ते तीन ठिकाणी. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टांत अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रूपांतरात चूक झाली की वेलांटी तुटक गोलावर लटकलेली दिसते. रफाराचं उलटं, तो जुन्या फॉन्टांत अक्षरानंतर यायचा. ‘दुर्ग’चं ‘दुगर्’ झालं असेल तर चूक तिथे आहे. आणि तिसरा तुटक ऱ्य, ऱ्ह.

या तुटक र बद्दल जरा सविस्तर, कारण फॉन्ट दुरुस्त झाल्यावरही त्याचा त्रास राहतो. ‘वऱ्हाडे’ हे नाव दोन प्रकारे साठवलं जातं : काही कीबोर्ड नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त, म्हणजे पाय मोडायचं चिन्ह, देतात, काही साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घेतात. दिसायला दोन्ही सारखे. पण व्हीलुकअपला, म्हणजे दुसऱ्या यादीतून नाव शोधणाऱ्या फंक्शनला, ती दोन वेगळी नावं वाटतात, आणि समोर नाव दिसत असून उत्तर मात्र सापडत नाही असं येतं. ‘ॲ’चंही तसंच आहे, तो एक अक्षर म्हणूनही येतो आणि अ वर चंद्र देऊनही. रिप्लेस वापरून संपूर्ण फाइलमध्ये एकच पद्धत करून घ्या.

सीएसव्ही फाइल उघडल्यावर चिन्हांचा पाऊस

पोर्टलवरून किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून काढलेली सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल, डबल क्लिक करून उघडली की हे होतं. यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत असतं. एक्सेलने फाइल जुन्या पाश्चात्त्य एन्कोडिंगची समजून वाचली की त्या तीन बाइटांची तीन स्वतंत्र चिन्हं होतात. फॉन्ट कितीही बदला, फरक पडणार नाही. फाइल सेव्ह न करता बंद करा. नवी शीट उघडून डेटा → फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही निवडा, फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ युनिकोड यूटीएफ-८ घ्या आणि पुढे जा. स्वतः सीएसव्ही काढताना सेव्ह ॲजमध्ये ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडा. साधा सीएसव्ही निवडला तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं साठवली जातात आणि त्या फाइलमधून मराठी परत मिळत नाही.

लिब्रेऑफिस कॅल्क

इथे रचना निराळी आहे आणि माहीत असेल तर एक्सेलपेक्षा चांगली. कॅल्क प्रत्येक सेलसाठी वेगवेगळे फॉन्ट लक्षात ठेवतो : पाश्चात्त्य लिपीसाठी एक, आशियाई लिप्यांसाठी एक आणि कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट, म्हणजे सीटीएलसाठी एक. देवनागरी सीटीएलमध्ये येते. रिकाम्या किंवा इंग्रजी सेलवर उभं राहून वरच्या पट्टीतून फॉन्ट बदलला तर पाश्चात्त्य फॉन्टच बदलतो आणि मराठी टाइप केल्यावर जुनाच फॉन्ट उगवतो. ‘कॅल्क माझं ऐकत नाही’ या तक्रारीमागे हेच असतं.

टूल्स → ऑप्शन्समधल्या भाषेच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करा आणि तिथेच भाषा मराठी ठेवा. मग एफ ११ दाबून शैलींची पट्टी उघडा, डिफॉल्ट शैलीवर उजवी क्लिक, एडिट स्टाइल, फॉन्ट टॅब. तिथे सीटीएल फॉन्ट निवडा. मग फाइल → टेम्प्लेट्समधून ही फाइल टेम्प्लेट म्हणून साठवताना ‘डिफॉल्ट टेम्प्लेट’वर खूण करा. भाषा मराठी ठेवण्याचा खास फायदा असा की नोटोसारख्या ज्या फॉन्टांत मराठी वळणाचे श आणि ल वेगळे दिलेले आहेत, त्यांत ते मिळतात. एक्सेलमध्ये सेलला भाषा देता येत नाही, म्हणून तिथे हे जमत नाही. मराठी वळण हवंच असेल तर तिरो देवनागरी मराठीसारखा, मुळातच मराठी वळणाचा फॉन्ट वापरा.

गूगल शीट्समध्ये काम थोडं आहे. फॉरमॅट → थीम → कस्टमाइझमध्ये फॉन्ट बदलला की पूर्ण फाइलला लागतो. फॉन्टच्या यादीत ‘मोअर फॉन्ट्स’मध्ये लिपी देवनागरी निवडली की मुक्त, बलू, तिरो सगळे सापडतात. फाइल एक्सेलमध्ये उतरवली की मात्र फॉन्टचं फक्त नाव सोबत येतं.

फाइल बाहेर पाठवताना हे विसरू नका. वर्ड आणि पॉवरपॉइंटला फाइलच्या आत फॉन्ट भरून देता येतो, एक्सेलला येत नाही. नुसती वाचायची किंवा छापायची शीट असेल तर पीडीएफ पाठवा. समोरच्याने त्यात माहिती भरायची असेल तर फॉन्टची फाइलही सोबत द्या, आणि उजवी क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’ निवडायला सांगा. नुसतं इन्स्टॉल केलं तर आताच्या विंडोजवर फॉन्ट तेवढ्या एका लॉगइनपुरता बसतो आणि दुपारच्या पाळीतला माणूस आपल्या लॉगइनने तीच शीट उघडतो तेव्हा त्याला बदली फॉन्टच दिसतो. फॉन्ट घातल्यावर एक्सेल बंद करून उघडायचं, मग तपासणीची ओळ बघायची.